खेळाच्या बाई

आमच्या बाई शीळ घालत. ओठ मुडपून हळूच घालतात ती शीळ नव्हे. दोन बोटं जिभेखाली दाबून, लांब गेलेल्या गुरांना वळवायला गुराखी घालतात तसली. शहापूरच्या मुलींच्या शाळेमागे ती वाजली की पेठेतला कापडवाला हातातला गज तसाच धरून थांबायचा आणि आम्ही चाळीसएक मुली पाट्या जागच्या जागी ठेवून उठायचो. बाईमाणसाने शीळ घातली तर घरात साप येतो, असं आमच्याकडे मानत. कुणीतरी बाईंना ते मुद्दाम जाऊन सांगितलं. "येऊ दे," बाई म्हणाल्या. "कुणीतरी येईल तरी."

सांगणारी बाई हसत हसत परत आली. ते वाक्य हसण्यासारखं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या घाटावरच्या. शाळेत दुसऱ्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. अंगाने सडसडीत, रंगाने सावळ्या. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. आणि बरोबर एक ट्रंक, एक वळकटी. माणूस कुणी नाही. शिंप्याच्या घरामागची खोली त्यांनी घेतली. बायका विचारत, "यजमान कुठं असतात तुमचे?" बाई म्हणत, "असतात." तेवढंच. पहिल्या संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. दुसऱ्या संक्रांतीला बायकांना प्रश्न पडला, बोलवावं की नाही. आणि प्रश्न पडला म्हणजे बोलवायचं नाही, असंच ठरतं. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका तिळगूळ वाटत फिरत होत्या आणि बाई शाळेमागच्या मैदानातले खडे वेचत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला अनवाणी पळायचं होतं.

खेळाच्या तासाला लेखी नाव 'कवायत' असं होतं. ओळीत उभं राहून हात वर, हात खाली. बाईंनी ते पाच मिनिटांत उरकायला सुरुवात केली आणि उरलेल्या वेळात खेळ मांडले. शाळेकडे साहित्य म्हणून काही नव्हतं. बाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे चेंडू वळले, नारळाच्या करवंट्या दोरीत ओवून त्यांच्यावर उभं राहून चालायला शिकवलं, चिंचोके ओंजळीत घेऊन पळायच्या शर्यती लावल्या. विष-अमृतात विष लागलेली मुलगी खाली बसायची आणि मैत्रिणीने शिवलं की पुन्हा उठायची. साखळीत पकडलेली मुलगी हात धरून पकडणारीच व्हायची, आणि शेवटी पंचवीस-तीस मुलींची साखळी दोन उरलेल्या मुलींच्या मागे मैदानभर वळवळत जायची. बाई स्वतः खेळत. लुगड्याचा काचा घट्ट करून, वहाणा मैदानाच्या कडेच्या उंबराच्या झाडाखाली जोडीने काढून ठेवून, त्या खरोखर जीव घेऊन पळत. मोठं माणूस असं पळताना आम्ही फक्त आग लागली तर किंवा बैल उधळला तर पाहिलं होतं.

त्यांना एक गोष्ट चालत नसे: कुणी नुसतं बसलेलं. डाव सुरू करण्याआधी त्या उंबराकडे पाहत आणि विचारत, "बसलंय कोण?"

बसलेली मी असायची.

पाचव्या वर्षी तापात माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे होता तिथेच राहिला, पण वाळला. चालताना डाव्या गुडघ्यावर हात दाबून मी पाऊल टाकायची. घाई असली की तोही खटाटोप सोडून उजव्या पायावर उड्या मारत जायची. विहिरीवर, गोठ्यात, शेताच्या बांधावरून. बापाची बैलगाडी होती. आसनगाव स्टेशनावरून शहापुरात माल आणायचा आणि पावसाळ्यात भाताची शेती. माझं लग्न होणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच मला शाळेत घातलं होतं. आई म्हणायची, "शिकूं दे तिला. घरात बसून तरी काय करनार ती?" मुली मला 'लंगडी शेवंती' म्हणत. गावात दुसरी शेवंती नव्हती, तरीही म्हणत.

म्हणून बाईंनी एके दिवशी मैदानात चुन्याने चौकोन आखला आणि "आज लंगडी" असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्या मुलींच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. कुणी हसलं. मी उंबराच्या बुंध्याला पाठ घासत आणखी मागे सरकले.

"शेवंते, ऊठ," बाई म्हणाल्या. "राज्य तुझ्यावर."

"मला नाय जमायचं बाई."

"या खेळात राज्य घेणाऱ्या सगळ्यांना एकच पाय असतो. तुझा कुठला चांगला?"

"उजवा."

"मग तोच लागतो. ये."

मी चौकोनात गेले ती रडत. बाईंनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. नऊ मुली आत सोडल्या आणि शीळ घातली. पहिली मुलगी मला चिडवायला अगदी जवळून पळाली. मी उडी घेतली आणि तिच्या पाठीवर माझी थाप बसली. तिला खरं वाटेना. मलाही नाही. इतर मुली एका पायावर पंधरा-वीस उड्यांत दमायच्या. मी सहा वर्षं एका पायावर गाव फिरले होते. मी सात जणी बाद केल्या, आठवीच्या मागे असताना वेळ संपली. चौकोनाबाहेर आले तेव्हा बाईंनी शाबासकी दिली नाही. "वळताना खांदा आधी टाकतेस," त्या म्हणाल्या. "समोरचीला कळतं तू कुठे जाणार ते. सुधार." माझ्यात सुधारण्यासारखं काहीतरी आहे, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. माझी चूक काढण्याइतकं मला कुणी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागले, कधी वालाच्या शेंगा, कधी काकडी घेऊन. एका रविवारी दुपारी गेले तर दार उघडं होतं आणि बाई जमिनीवर मांडी घालून सागरगोटे खेळत होत्या. एकट्याच. आधी उजव्या हाताने झेलायच्या, चुकलं की डाव्या हाताने. बाजूला कोळशाने जमिनीवर दोन ओळी काढल्या होत्या.

"बाई, कुणाशी खेळताय?"

"हा उजवा, हा डावा. आज डावा जिंकतोय." मग त्या जराशा ओशाळल्या, सागरगोटे पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "ही रविवारची सुट्टी कुणी काढली असेल गं?"

मे महिन्याच्या सुट्टीत तर त्यांचे हाल असत. मोठ्या बाई माहेरी जात, शाळेला कुलूप लागे. आमच्या बाई कुठे जात नसत. उन्हाच्या वेळी मी त्यांना एकदा शाळेमागे पाहिलं. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या पावलं मोजत चालत होत्या, कोपऱ्यात थांबत होत्या, मान हलवत होत्या, पुन्हा मोजत होत्या. पुढच्या वर्षीचे खेळ त्या तिथे बसवत होत्या, समोर एकही मूल नसताना.

त्यांचं एक सांगणं होतं. बाद झालेली मुलगी रुसून दूर जायला लागली की त्या तिला हाताला धरून रेघेशी आणून बसवत. "बाद झालं तर रडायचं नाही. बाहेर बसून नीट बघायचं. आतल्यांना फक्त आपल्या मागचा दिसतो, बाहेरच्याला सगळा डाव दिसतो." आम्ही ते ऐकायचो आणि विसरायचो. आम्हाला आत जायची घाई असायची.

मुरबाडला तीन-चार गावांच्या मुलींच्या शाळांचे खेळ व्हायचे ठरलं, ते माझ्या पाचवीच्या वर्षी, पौषात. बाईंनी नऊ जणी निवडल्या. आठ जणींच्या घरी जाऊन त्यांनी परवानगी काढली, नववी मी. माझा बाप म्हणाला, "आमची पोर? बाई, तुमी थट्टा नाय ना करत?" बाई म्हणाल्या, "गाडी तुमचीच न्यायची आहे. चला आणि बघा."

पहाटे निघालो. काळू नदी उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. वाटेवर म्हशाच्या जत्रेला निघालेल्या बैलांच्या जोड्याच जोड्या. शिंगं रंगवलेली, मागे घोंगड्या खांद्यावर टाकलेली माणसं. बाईंनी आम्हाला गाडीत गप्प बसू दिलं नाही. वाटेत दिसणाऱ्या बैलांत पांढरे किती, तांबडे किती, यावर दोन तट पाडून त्यांनी दुपारपर्यंत खेळवलं. बापही हळूहळू त्यात ओढला गेला. "तो पांढरा नाय धरायचा, तो कोसा हाय," असं म्हणून तो पंचगिरी करू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाभोवती दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्यांपलीकडे बायका थोड्या आणि जत्रेच्या वाटेवरचे बघे पुष्कळ. मुरबाडचेच एक पेन्शनर गृहस्थ पंच होते. लंगडीला आमच्यासमोरच्या शाळेने आधी राज्य घेतलं. आमच्या मुली चपळाईने पळाल्या, मात्र मी आत जाताक्षणीच बाद झाले. लोक हसले. एक जण मोठ्याने म्हणाला, "हिला कशाला आनली?" मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. पुढच्या मुलीला काहीतरी सांगत होत्या.

मग राज्य आमच्यावर आलं. बाईंनी मला पहिली पाठवलं. मी खांदा आधी टाकला नाही. तीन जणी गेल्या, मग दोन, मग आणखी दोन. दोऱ्यांपलीकडचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. तेवढ्यात समोरच्या शाळेच्या शिक्षिका तावातावाने मैदानात आल्या आणि पंचांना म्हणाल्या, "हे बरोबर नाही. या मुलीला लंगडीची सवयच आहे!"

खेळ थांबला. मी एका पायावर तशीच उभी. पंच गोंधळले. माझा पाय कुणाच्या तरी मते माझा फायदा होता, आणि त्याबद्दल रीतसर तक्रार झाली होती. बाईंना आधी हसू आवरेना. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्या पुढे आल्या.

"सवय आहे हे खरं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांची होती तेव्हापासून करतेय. तुमच्या मुलींनी कधीपासून केली?"

पंचांनी जरा विचार केला आणि ते म्हणाले, "सवय करू नये असा काही नियम नाही. चालू द्या."

लंगडी आम्ही जिंकलो. बाकी सगळं हरलो. परतताना बापाने बैलांना पाणी दाखवायला जिथे जिथे गाडी सोडली, तिथे तिथे तो अनोळखी माणसांना सांगत होता, "ही आमची शेवंती. सात पोरी बाद केल्या तिनं, एका पायावं." आजवर पाहुणे आले की मला आत पाठवणारा माझा बाप. बाई गाडीच्या मागच्या दांडीला टेकून बसल्या होत्या. इतक्या शांत आणि खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

महिना गेला नाही तोच ते बाधलं. आमच्या नऊ जणींत गोदावरी सर्वांत थोरली होती, तेरा वर्षांची. तिचं लग्न मुरबाडकडे ठरत आलं होतं. दोरीपलीकडच्या बघ्यांत तिच्या होणाऱ्या घरचं कुणीतरी होतं. परकर खोचून, चारचौघांसमोर उड्या मारणारी मुलगी त्यांना नको झाली. निरोप आला आणि सोयरीक मोडली. गोदावरीचे वडील शाळेच्या कमिटीत होते.

बाई त्यांच्या घरी गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांना ओटीवर कुणी चढा म्हटलं नाही. त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "दोष असला तर माझा आहे. त्या लोकांशी मी जाऊन बोलते." गोदावरीची आई दारात आली. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुमचं काय जातंय बाई? तुमाला ना मूल ना बाळ. खेळ तुमचा व्हतो, संसार आमचे मोडतात."

बाई अंगणातून मागे वळल्या. शिंप्याच्या घराशी आल्यावर मला म्हणाल्या, "जा आता. आई वाट बघत असेल."

कमिटीने ठरवलं की मुलींना कवायत पुरे, आणि शिक्षिकेने शीळ घालू नये. बाईंनी दोन्ही पाळलं. हात वर, हात खाली. मैदानात गवत वाढलं. मुलींना वाईट वाटलं, पण मुलींना आठ दिवसांत कशाचीही सवय होते. गोदावरीचं लग्न पुढच्याच हंगामात दुसरीकडे, चांगल्या घरी झालं. तिचं काही अडलं नाही. पण थांबलेले खेळ पुन्हा सुरू झाले नाहीत, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये बाईंची बदली झाली. टोकावड्याच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, दोन खोल्यांची शाळा. बदली त्यांनी मागितली होती की त्यांना दिली होती, हे मी विचारलं नाही.

मुरबाडपर्यंत त्यांना पोचवायला बापाचीच गाडी होती. मी हट्टाने बरोबर गेले. दुपारी एका आंब्याखाली गाडी सोडली, बाप बैलांना घेऊन ओढ्यावर गेला. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो सगळ्या शहापूरने विचारून सोडून दिला होता.

"बाई, तुमचे यजमान कुठं असतात?"

"कल्याणला," त्या म्हणाल्या, जणू इतकी वर्षं कुणी नीट विचारलंच नव्हतं. "आसनगावला गाडीत बसलं की दीड-दोन तास. वारा स्टेशनाकडचा असला की मला खोलीत गाडी ऐकू यायची."

"मग?"

"त्यांनी दुसरं केलं. मला चार वर्षांत काही झालं नाही, म्हणून. मुलं आहेत आता." त्यांनी गवताची काडी तोडली. "वाईट नाहीत ते. मला शिकवलं त्यांनीच. ट्रेनिंगचे पैसे पाठवले. मी कधी त्या गाडीत बसले नाही. बाद झालेल्याने मधेच आत शिरायचं नसतं."

मी तेरा वर्षांची होते. मी त्यांना म्हटलं, "बाई, मी मोठी झाले की तुमच्याकडं येईन." त्या हसल्या. "मोठी झालीस की तुला कामं असतील."

त्यांची कार्डं येत. मी दर कार्डाला उत्तर लिहायची, पण त्यांची दोन आली की माझं एक जायचं. त्यांच्या शाळेत वाडी-पाड्यांवरची मुलं येत. 'इथली मुलं झाडावर माझ्याआधी चढतात, मला शिकवतात,' असं पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं. पावसाळ्यात मुलं लावणीला जात, उन्हाळ्यात पोटामागे आईबापांबरोबर दूर जात. 'आज चार आली. चौघांत काय खेळता येतं ते आता शिकते आहे.' मग, 'आज दोन.' एका कार्डावर एवढंच होतं: 'आज कुणी नाही. दार उघडून बसले.'

लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं. मी सातवीची परीक्षा पास झाले आणि दोन-तीन वर्षांनी खर्डीच्या शाळेत मला नोकरी लागली. बापाने गावभर पेढे वाटले. मी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं त्यात अभिनंदनाच्या दोन ओळी होत्या आणि खाली लिहिलं होतं: 'मी नोकरी सोडते आहे. त्यांची दुसरी बायको वारली. मुलं लहान आहेत. ते स्वतः इथवर येऊन विचारून गेले. मी कल्याणला जाते आहे.'

मला राग आला. कुणाचा ते ठरवता आलं नाही. मी वर्षभर पत्र लिहिलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कल्याणला गेले. एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने उघडलं. आत खाटेवर एक म्हातारी सासू, खिडकीशी पुस्तक घेऊन दोन मुलगे. यजमान घरीच होते. कारकून माणूस, वाकलेला, मवाळ. "बसा, बसा," म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. बाई आतून आल्या. डोक्यावरून पदर, हातात उलथनं. मला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग त्यांनी सासूकडे पाहिलं.

"या शेवंताबाई," त्या म्हणाल्या. "खर्डीला शिक्षिका आहेत. तुम्ही जेवूनच जा हं."

तुम्ही. जेवताना साखर मिळत नाही, गाड्या वेळेवर नाहीत, असलंच बोलणं झालं. कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं. घर नीटनेटकं होतं, मुलांच्या अंगावर स्वच्छ कपडे होते. बाईंना बसायला मात्र कुठे जागा आहे असं मला दिसलं नाही. त्या सगळा वेळ उभ्या होत्या.

निघाले तेव्हा त्या मला पोचवायला जिन्याच्या तोंडाशी आल्या. मागे दार लोटून घेतलं. "शेवंते," त्या म्हणाल्या, आणि मला रडू आलं.

"बाई, मुलं खेळतात का तुमच्याशी?"

"मोठी झालीत. अभ्यास असतो. इथे अंगणही नाही." लोटलेल्या दाराकडे पाहून म्हणाल्या, "धाकटी, तुला दार उघडलं ना ती, मला अजून काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की 'ऐका' म्हणते. चांगली आहे गं. तिला तिची आई आठवते." मग एकदम, जुन्या आवाजात, "तुझ्या शाळेत किती?"

"मुलगे तीस, मुली अकरा."

"बसलंय कोण?"

"एक आहे. पाड्यावरची. तिला फार अंधुक दिसतं. खेळाच्या तासाला भिंतीशी बसते."

बाईंनी कठड्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ लागले. मैदान मोजायच्या तसे. ओठ हलले. "अंधुक दिसतं म्हणतेस," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिला ऐकू..."

आतून सासूची हाक आली. दूध उतू गेल्याचा वास आला.

"आले!" बाई म्हणाल्या, आणि दार ढकलून आत गेल्या. मी जिन्यात थोडा वेळ थांबले. त्या परत आल्या नाहीत, येणं शक्यही नव्हतं. त्या पुढे काय सांगणार होत्या ते मला स्वतःला शोधून काढावं लागलं, आणि त्याला वर्ष लागलं. एका मुलाच्या पायात बैलाच्या गळ्यातले घुंगरू बांधायचे आणि बाकीच्या सगळ्यांचे डोळे फडक्याने बांधायचे. ती मुलगी पहिल्याच डावात त्याला धरायला अशी सरळ चालत गेली की बाकीची एकमेकांवर आपटत राहिली. बाईंनी कदाचित याहून चांगलं काही सांगितलं असतं. हे लिहून कळवावं असं मनात होतं. त्या घरात कार्ड आधी दुसऱ्याच कुणाच्या हातात पडेल, म्हणून लिहिलं नाही.

मी त्यांना पुन्हा भेटले नाही. तीन-चार वर्षांनी, शाळेच्या वेळेत, पोस्टमनने माझ्या हातात एक कार्ड दिलं. कोपरा फाटलेला होता, म्हणजे कुणीतरी गेल्याचं वाचण्याआधीच कळलं. अक्षर मुलीचं, वळणदार. कार्डावरचं नाव मला क्षणभर ओळखू आलं नाही. ते त्यांचं सासरचं नाव होतं, आम्ही ते कधी ऐकलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'आमची आई विषमज्वराने वारली. तिच्या वहीत तुमचा पत्ता होता म्हणून कळवते.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. आमची आई.

आमचे हेडमास्तर भला माणूस. माझ्या हातातलं फाटक्या कोपऱ्याचं कार्ड पाहून ते खुर्चीवरून उठले. "घरी जाऊन या," ते म्हणाले. "रजा टाकू." त्यांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "कोण लागत होत्या तुमच्या?"

रजेच्या कागदावर नातं लिहावं लागतं. मी आत्या शोधली, मावशी शोधली. शिक्षिका म्हटलं असतं तर त्याला रजा नव्हती, आणि तेवढंच ते नव्हतंही. हेडमास्तर टाक धरून थांबले होते. निबावरचा शाईचा थेंब पडेल असं मला वाटलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी टाक खाली ठेवला. "मग हरकत नाही," ते म्हणाले.

असलं कार्ड घरात ठेवत नाहीत. मी ते मागच्या दाराशी जाऊन फाडलं आणि चौथीच्या वर्गावर गेले. मुलं उठून उभी राहिली. मी त्यांना खाली बसा म्हणायची विसरले, आणि ती कितीतरी वेळ तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती.